डब्याखालची चिठ्ठी

तुमचा प्रश्न : "नवरा दर शनिवार-रविवार डोंगरात असतो. मुलगी दोन वर्षांची आहे. असा धाडसी माणूस चांगला बाप होऊ शकतो का? ज्यांचे वडील असे होते त्यांनी खरं काय ते सांगावं."

माझे वडील असे होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. 2019च्या फेब्रुवारीत ते गेले, चार दिवसांच्या आजारात, घरीच. आई त्यांच्या आधी आठ वर्षं गेली होती. त्यामुळे आता खरं सांगायला हरकत नाही, वाचून रागावणारं कुणी उरलेलं नाही.

अण्णांचा जन्म 1947चा, भोर तालुक्यातला. गाव रोहिड्याच्या पायथ्याला. गडावर गुरं घेऊन जाणं हे त्यांच्या लेखी काम होतं, हौस नव्हे. पुढे शिकायला पुण्यात मामांकडे आले, नारायण पेठेत. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मामांच्या वाड्यात पाणी शिरलं. सगळे पर्वतीकडे पळाले. त्या दिवसाचं अण्णा एकच सांगायचे : मामा टेकडीवर उभे राहून घरातली माणसं मोजत होते आणि आकडा जुळत नव्हता. एक मामेभाऊ संध्याकाळी सापडला, कुणाच्या तरी ओट्यावर झोपलेला. मधले पाच-सहा तास मामा मोजतच होते. वाडा गेला, मग गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत बिऱ्हाड झालं. आमचं लहानपणही तिथलंच.

आयटीआय करून ते पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. तिथल्या तिघाचौघांना डोंगरांचा नाद होता. त्या काळी दुकानात मिळायचं काय, तर काहीच नाही. दोर कुठून तरी बंदरातून आणलेला, बूट साधे कॅनव्हासचे आणि कातळात ठोकायच्या मेखा अण्णांनी घरी शेगड्यात (लोखंड आवळून धरायच्या पकडीत) धरून, कानशीने घासून केलेल्या. दहा केल्या की तीन-चार ते स्वतःच टाकून द्यायचे. एखादीचं टोक सूतभर जरी वाकडं वाटलं तरी भंगारात. आईला याचा फार राग, कारण पत्रा-लोखंड पलंगाखाली साठायचं.

लग्न 1972चं. पहिल्याच महिन्यात "तोरण्याला जाऊन संध्याकाळी येतो" म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आई सासवडकडची, शेतकऱ्याघरची, आरडाओरडा करणारी नव्हे. तिने जेवायला वाढलं आणि म्हणाली, "अहो, जायला माझी ना नाही. पण कुठं जाताय, कोणत्या वाटेनं उतरणार आणि कधी येणार ते लिहून ठेवत जा. उद्या शोधायला माणसं पाठवायची वेळ आली तर मी कोणत्या डोंगराकडं बोट दाखवू?"

तेव्हापासून चिठ्ठी सुरू झाली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून ठेवलेले असायचे. निघताना त्यातला एक घ्यायचा, लिहायचा आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याखाली सरकवायचा. मजकूर साधारण असा :

"शनि. दुपारची स्वारगेट–वेल्हे. तोरणा. रात्री मेंगाईच्या देवळात. रवि. बुधला माचीवरून राजगड. गुंजवण्याला उतरणार. घरी रात्री 10. गाडी चुकली तर सोम. सकाळी 9."

यातलं "चुकली तर" माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अण्णांना ठाऊक होतं की डोंगरात एसटी चुकते, पाऊस लागतो, सोबत्याचा पाय मुरगळतो. म्हणून एक वेळ नव्हे, दोन वेळा. दुसरी वेळ टळली की मग आईने काळजी करायची, त्याआधी नाही. हा त्यांचा करार होता. आता तुम्ही म्हणाल, काळजी काय घड्याळ बघून सुरू होते का? नाही होत. पण रात्री दहा ते सकाळी नऊ एवढा वेळ आई निदान झोपायचा प्रयत्न तरी करू शकायची.

1974 साली मी एक वर्षाची असताना ते उत्तरकाशीला गेले, नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करायला. साठवलेली सगळी रजा त्यात गेली. दिल्लीपर्यंत जनरलच्या डब्यातून. आई मला घेऊन माहेरी. माझी आजी त्यांना जन्मभर यावरून बोलत राहिली आणि मी आजीच्या बाजूची आहे. खरं सांगायचं म्हणून सांगते, आमच्या घरी आईचे रविवार कुणी मोजले नाहीत. दोन पोरं, सार्वजनिक नळाचं पाणी, त्यात एखाद्याला गोवर-कांजिण्या, आणि नवरा हरिश्चंद्रगडावर. माझ्या भावाचा वाढदिवस डिसेंबरात येतो, म्हणजे ऐन चढाईच्या हंगामात. त्याच्या पहिल्या दहा वाढदिवसांपैकी अण्णा चारच वेळा घरी होते. तो आजही हा आकडा विसरलेला नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी सरळ "हो" म्हणणार नाही.

आता 1981चा ऑगस्ट. मी आठ वर्षांची होते. तिघेजण शनिवारी पहाटे निघून हरिश्चंद्रगडाला गेले होते, माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरून खिरेश्वरवरून. चिठ्ठीत लिहिलं होतं : "जाताना-येताना टोलार खिंडच. दुसरी वाट धरणार नाही." रविवारी रात्री 10, चुकली तर सोमवारी सकाळी 9.

सोमवारी नऊ वाजले. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, हात धुतले, ट्रंकेतली चांगली साडी काढून नेसली आणि आम्हा दोघांना शेजारी सोडून वाण्याच्या दुकानात गेली, कारण फोन तिथे होता. चांगली साडी का, हे मी तिला खूप वर्षांनी विचारलं. म्हणाली, "कुठं कुठं जावं लागेल काय माहीत. पोलिसांत, दवाखान्यात. जुनेरात गेलं की कुणी नीट बोलत नाही."

तिने कारखान्यात निरोप दिला. तिथून अण्णांचे दोन मित्र अर्धी रजा टाकून, चिठ्ठी खिशात घालून थेट खिरेश्वरला निघाले.

गडावर झालं होतं ते असं. खिंडीच्या वर एक उघडा, उतरता कातळ आहे. आता तिथे रेलिंग आहे, तेव्हा काही नव्हतं. पावसाने शेवाळलेल्या त्या कातळावरून एकाचा पाय सटकला आणि घोटा गेला. दुसऱ्याला मदत आणायला खाली पाठवलं, तर ओढ्याला पाणी एवढं की तो अर्ध्यातून परत आला. रात्र खिंडीतल्या एका कपारीत काढली. सोमवारी पाऊस जरा ओसरल्यावर काठीला दोर गुंडाळून झोळी केली आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला वीस-वीस पावलांच्या टप्प्यांनी खाली आणलं. खिरेश्वरात एका महादेव कोळ्याच्या घरी चुलीशी बसवलं. रात्री पुण्याचे दोघे तिथे पोचले ते इकडेतिकडे न शोधता, कारण चिठ्ठीत वाट एकच लिहिली होती. सोबत पैसे होते म्हणून सकाळी जीप ठरवता आली, ओतूरला डॉक्टर गाठता आला.

सोमवारी संध्याकाळी अण्णांनीही एक निरोप धाडला होता. फाट्यावर एका एसटी कंडक्टरला कागद दिला, त्याने आळेफाट्याला पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरला द्यायचा, त्याने कुणाला तरी... तो कागद आमच्याकडे बुधवारी पोचला. अण्णा मंगळवारी दुपारी आले. बुधवारी ते घरात पाय शेकत बसलेले असताना एक अनोळखी माणूस दाराशी येऊन "सगळे सुखरूप आहेत" असं सांगून गेला. आई त्यावर हसली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा काही बोलली ती त्याच्याशी : "चहा घेऊन जा."

चार महिने अण्णा कुठेही गेले नाहीत. मग गेले. आईनेच म्हटलं, "जा आता, घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं ठोकून ठोकून सारखी करताय." फक्त चिठ्ठीत एक ओळ वाढली : "तरीही नाही आलो तर", आणि पुढे कुणाला कळवायचं ती दोन नावं.

माणूस धाडसी कितीही असू दे, तुम्ही बघायचं ते हे. तो परतीचा हिशोब घरी देऊन जातो का? आणि दिलेला हिशोब डोंगरात पाळतो का?

दुसरी गोष्ट लिंगाण्याची. रायगडासमोरचा हा सुळका, शिवकाळात कैदी ठेवायची जागा. वेल्ह्याकडून मोहरीला जायचं, बोराट्याच्या नाळेने, म्हणजे उभ्या घळीने, खिंडीत उतरायचं आणि तिथून कातळ सुरू. अण्णांच्या पिढीतल्या चढणाऱ्यांचं ते स्वप्न. अण्णा तिथे तीनदा गेले, 1978, 1980 आणि 1984 साली. तिन्ही वेळा माथा न गाठता परतले. पहिल्यांदा दोर कमी पडला. दुसऱ्यांदा सोबत्याच्या हातात गोळे यायला लागले. तिसऱ्यांदा सगळं ठीक होतं. माथा दिसत होता. दुपारचा एक वाजला होता. अण्णा म्हणाले, मी इथल्या गुहेत थांबतो. बाकीचे दोघे वर जाऊन आले, त्यांचे फोटो कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लागले. अण्णांची तिथे पुष्कळ थट्टा झाली. "फिटर, वायसर टाइट झाला का?" वगैरे.

मी त्यांना एकदा विचारलं, की घाबरलात का? मी तेव्हा कॉलेजात होते, तोंड फटकळ. ते म्हणाले, "वर जायला वेळ होता. उतरायला नव्हता." एवढंच. त्या दिवशी वर गेलेले दोघे काळोखात, हाताने चाचपत उतरले होते, हे मला त्यांच्यापैकीच एकाने अण्णांच्या दहाव्याला सांगितलं. अण्णांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. नोटीस बोर्डापुढेसुद्धा नाही. मला वाटतं, हे न बोलणं लिंगाण्यापेक्षा अवघड असणार.

1988 साली आईला आमवाताने धरलं. हा गुडघे दुखण्यातला प्रकार नव्हे. सकाळी उठल्यावर तास-दोन तास बोटं मिटायची नाहीत, कपाची कडी धरता यायची नाही. दुपारनंतर सांधे जरा मोकळे व्हायचे. अण्णांनी महिनाभर बघितलं आणि कारखान्यात कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. ही शिफ्ट कुणालाच नको असते : मुलांची तोंडं दिसत नाहीत, सणासुदीला संध्याकाळ मिळत नाही. त्यामुळे साहेबांनी लगेच दिली. सकाळ मात्र पूर्ण त्यांच्या ताब्यात आली, आणि आईला माणूस लागायचं ते सकाळीच.

डोंगर बंद. कुणी बंद करायला सांगितले नव्हते. दोर गुंडाळून माळ्यावर गेला, मेखा ग्रीस लावून डालड्याच्या डब्यात.

आणि मग घरात फिटरचा कारखाना सुरू झाला. चमच्यांच्या दांड्यांना सायकलच्या मुठी बसल्या. नळाच्या चावीला वीतभर लांब दांडा आला, कोपराने ढकलला की पाणी. दाराच्या किल्लीला आडवी मूठ. न्हाणीघरात जीआय पाइपाचा कठडा, आईच्या उंचीला मोजून. पोळपाट ओट्याला घट्ट धरून राहावा म्हणून खालून एक छोटा शेगडा. प्रत्येक वस्तू आधी करायची, आईला वापरायला द्यायची, तिचा हात बघत उभं राहायचं आणि मग परत काढून कानस मारायची. चमच्याचं चौथं मॉडेल पसंत पडलं. आईला हे सगळं आवडायचं असं समजू नका. "माझं घर आहे की तुमचं वर्कशॉप," हे वाक्य रोजचं.

वेणीसुद्धा तेच घालायचे. पहिल्या आठवड्यात सैल सुटायची. दुसऱ्या आठवड्यात एवढी आवळली की आई ओरडली, "अहो, केस आहेत ते, दोर नाही." तिसऱ्या आठवड्यात जमली. पुढे माझ्या लग्नात आईचा अंबाडा त्यांनीच घातला आणि वऱ्हाडातल्या बायका दाराच्या फटीतून बघत होत्या.

एवढ्या वर्षांत फक्त सिंहगड राहिला. तोही रविवारी पहाटे, आई उठायच्या आत परत यायचं म्हणून अंधारातच चढायचा. वर दही-भाकरी मिळते म्हणतात, अण्णांनी ती कधी खाल्ली नाही. त्या वेळी तिथे कुणी उठलेलंच नसायचं.

1996 साली रायगडाचा रोपवे सुरू झाला. गडावर तारेला लोंबकळत जायचं म्हणजे काय, यावर अण्णांनी भावाला तासभर सुनावलं होतं. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या चढाव्यात, नाहीतर घरी बसावं. आणि 1997च्या जानेवारीत त्यांनीच जीप ठरवली. आईला रायगड दाखवायचा होता. तिने तो फक्त अण्णांच्या फोटोंत पाहिलेला.

रोपवेने चार-पाच मिनिटांत वर गेलो. आईने डोळे मिटून घेतले होते, अण्णांनी उघडे ठेवून तारेचे जोड तपासले. पण वरच्या स्टेशनापासून पुढे चालणं होतंच. त्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या सॅकची अॅल्युमिनियमची फ्रेम काढून तिला फळी बसवली होती. आई फळीवर, पाठीला पाठ लावून. वजन 42 किलो. होळीच्या माळावरून, बाजारपेठेतून, जगदीश्वरापर्यंत. माणसं वळून बघत होती. एका शाळेच्या सहलीतली मुलं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा आई म्हणाली, "पुढं चला लवकर, तमाशा नको." मी आणि भाऊ मागून पाणी-चटई घेऊन. ती पाठमोरी असल्यामुळे तिचं तोंड आमच्याकडे होतं आणि ती सगळ्या वाटेवर आमच्याशी गप्पा मारत होती.

समाधीचं दर्शन झालं. पलीकडे लिंगाणा दिसत होता. तिला तिथे फळीवरून उतरवून चटईवर बसवलं.

"हाच का तो?"

"हाच."

"एवढासा?"

"इथून एवढासा."

आई बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मग जा की एकदा. मी काय कुठं पळून जातेय?"

अण्णा म्हणाले, "चहा घेतेस का?" आणि थर्मास उघडायला लागले. दोन मुठींचा कप त्यांनी आठवणीने आणला होता.

लिंगाण्याला ते गेले नाहीत. आई 2011 साली गेली तेव्हा अण्णांचं वय 64 होतं आणि दोर माळ्यावरच कुजला होता. त्यांच्या अस्थी गडावर टाकाव्यात असं मित्रांचं म्हणणं पडलं, पण त्यांनी ते आधीच मोडून काढलेलं : "टाक्यातलं पाणी लोक पितात. त्यात मी नको." भोरला नीरेत सोडल्या.

तुमच्यासाठी एक व्यवहाराचं सांगते. आता मोबाईल आहे म्हणून चिठ्ठी नको असं समजू नका. घाटमाथ्याच्या खाली उतरलं की बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री लोकांना शोधायला जातात. त्यांच्यासारख्यांना आधी विचारावं लागतं ते हेच, की कोणत्या वाटेने गेले, किती जण, कधी येणार होते. घरच्यांना "ट्रेकला गेलाय" याच्यापलीकडे माहीत नसेल तर डोंगर मोठा आहे. यजमानांना कागद आणि पेन द्या. लिहायला कंटाळा करणारा माणूस असेल तर मात्र मला तुमची काळजी वाटेल.

अण्णांच्या तेराव्यानंतर माळा आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत चिठ्ठ्या, सगळ्या. आम्हाला वाटायचं आई त्या चुलीत घालते. 143 निघाल्या. भावाने आणि मी फरशीवर वर्षाप्रमाणे लावल्या. त्या उलट्या केल्यावर कळलं की प्रत्येकीच्या मागे आईने पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली आहे : परत कधी आले. "रात्री 9.40." "सोम. 7.15, गाडी चुकली." "10.05, पाच मिनिटं उशीर." 1981च्या चिठ्ठीमागे : "मंगळ. दु. 4. तिघं आले. जेवले नाहीत." लिंगाण्याच्या तिसऱ्या चिठ्ठीमागे : "रवि. 9.50." लिहून दिलेली वेळ होती 10.

1988नंतर वर्षंच्या वर्षं एकही चिठ्ठी नाही. मग शेवटची. 1997, जानेवारी. त्या दिवशी आम्ही चौघंही बाहेर होतो, वाचायला घरात कुणी नव्हतं, तरी डब्याखाली ठेवलेली.

"रवि. पहाटे 5, जीप. रायगड. रोपवेने. सोबत : ही. (मुलं मदतीला.) घरी रात्री 9. उशीर झाला तर 10."

मागे आईचं अक्षर, वाकड्या बोटांनी काढलेलं, तीन ओळींत मावेल एवढं मोठं : "9.10. दोघं आलो."

भाऊ म्हणतो, साडेनऊ झाले होते.